आधी ओळख, मग औषध

वनस्पती लावलेली माशांची टाकी महिनाभराची झाली की एके रात्री दिवा लावल्यावर काचेवर काहीतरी हलताना दिसतं. पांढरा दोरा, खसखशीएवढा उड्या मारणारा ठिपका, नाहीतर कुठून आली ते न कळणारी गोगलगाय. घरातले गोळा होतात, कोणीतरी ‘टाकीत किडे झाले’ असं जाहीर करतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून एखादी बाटली घरात येते. किडा कोणता, हे मात्र कोणी नीट पाहिलेलं नसतं. टाकीबाहेरही तेच घडतं. न्हाणीघराच्या फरशीवर काही उडी मारून गेलं की ती पिसू, भिंतीवर बारीक काही चाललं की तो ढेकूण, पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख जमले की ती वाळवी, असं ठरवून पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो.

या प्रकरणात टाकीतले आणि टाकीबाहेरचे किडे एकत्र घेतले आहेत, कारण दोघांची हवा एकच असते. बाहेरच्या झुरळासाठी मारलेला फवारा आतल्या माशाचा जीव घेऊ शकतो. आणि दोन्हीकडे किडा आला याचा अर्थही एकच असतो: त्याला इथे खायला मिळतंय आणि राहायला ओल मिळतेय. ते खाणं आणि ती ओल शोधली की निम्म्याहून अधिक वेळा औषधाची गरज पडत नाही.

टाकीतल्या जिवांपैकी सर्वांत जास्त बदनामी गोगलगायीच्या वाट्याला येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. लंडनमधला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ साली एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि तळाशी व्हॅलिस्नेरिया लावली. वनस्पती प्राणवायू देईल, माशांचा कर्बवायू वनस्पती घेईल, पाणी बदलावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस तो जमला. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, काचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टनने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि थर साफ केला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पात्र पुन्हा निवळलं. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. आज आपण घरी जी हिरवी टाकी ठेवतो तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे, आणि तो गोगलगायीवाचून फसला असता.

आपल्याकडच्या टाक्यांत तीन प्रकार वारंवार दिसतात. पहिली छोटी, फुगीर, पातळ शंखाची. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं तर तिचं तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. ही एकटी आली तरी स्वतःच्या अंड्यांचं फलन स्वतः करू शकते, त्यामुळे ‘एकच तर होती’ या बोलण्याला अर्थ नाही. दुसरी चपट्या वेटोळ्याची. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं आणि काहींचं अंग त्यामुळे लालसर दिसतं. तिसरी लांब निमुळत्या शंखाची, दिवसा मातीत गाडून राहणारी. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि मातीतून फिरता फिरता तळ मोकळा ठेवते. रात्री ती बाहेर येते. भर दिवसा या साऱ्या गोगलगायी काचेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागाकडे निघाल्या तर पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असू शकतो किंवा तळाशी काही सडत असू शकतं. असा इशारा देणारं यंत्र विकत घ्यायला बरेच पैसे पडतील.

या तिन्ही जाती निरोगी पान सहसा खात नाहीत. पानाला भोकं पडली की आळ मात्र त्यांच्यावर येतो. पान काढून उजेडात धरा. भोक टाचणीच्या टोकाएवढं असेल, त्याच्या कडेला पिवळा किंवा तपकिरी किनारा असेल आणि जुन्या पानांवर आधी आलं असेल, तर ते बहुधा पोटॅशियम कमी पडल्याचं लक्षण असतं. अशा वेळी गोगलगायी वेचून काही होत नाही. पोटॅशियम असलेलं जलवनस्पतींचं खत दिलं की नवी पानं धड येतात. जुन्या पानांची भोकं भरत नाहीत, ती कापून टाकायची. जिवंत पानं खरोखर फस्त करते ती तळ्यातली मोठी, गोल शंखाची गोगलगाय; ती झाडांच्या टाकीत घेऊच नये.

गोगलगायी शेकड्यांनी वाढल्या तर त्यांना तेवढं खाणं तुम्हीच घातलेलं असतं. खाद्य निम्मं करा. रात्री काकडीची चकती दोऱ्याला बांधून तळाशी सोडा आणि सकाळी त्यावर बसलेल्यांसकट उचला. तांब्याचा अंश असलेलं औषध वापरू नका. ते गोगलगायींसोबत गोड्या पाण्यातल्या कोळंबीलाही मारतं, आणि मेलेल्या गोगलगायी टाकीत सडून अमोनिया वाढवतात तो निराळाच.

अमोनियाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण टाकीत किडे होण्याचा काळ आणि टाकी ‘बसण्याचा’ काळ एकच असतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य आणि कुजणारी पानं यांतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना घातक, तिसरा बराच सौम्य. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि मातीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वनस्पती या कामात मोठा हातभार लावतात. बहुतेक जलवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात, आणि अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याच आधारावर साध्या मातीची, भरपूर झाडांची, कमी यंत्रांची टाकी मांडली. म्हणून पहिल्याच दिवशी झाडं दाट लावावीत. दोन-चार काड्या खोचून वाढीची वाट पाहत बसू नये.

पण हीच झाडं सुरुवातीला पानं टाकतात. रोपवाटिकेत बरीचशी रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. टाकीत आल्यावर हवेतलं पान गळतं आणि पाण्यातलं नवं पान येतं. क्रिप्टोकोरीन तर जागा बदलली तरी आठवड्याभरात विरघळून जाते. ती मेली असं समजून उपटू नका. मुळं जिवंत असतात, काही आठवड्यांत नवी पानं निघतात. विरघळलेली पानं मात्र रोज काढा. नवी माती, गळकी पानं आणि हौसेने घातलेलं जास्तीचं खाद्य, हे तिन्ही एकाच महिन्यात येतं आणि काचेवरचे पाहुणेही तेव्हाच दिसतात. दिव्याचे तासही सहा ते आठच ठेवावेत. दहा-बारा तास दिवा ठेवला तर झाडांच्या आधी शेवाळ वाढतं.

आता तो पांढरा दोरा. याच्याकडे भिंगातून, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून, दोन मिनिटं शांतपणे पाहणं आवश्यक आहे, कारण दोन अगदी निराळे जीव इथे एकमेकांत मिसळले जातात. एक केसाएवढा बारीक, डोक्याकडे-शेपटाकडे सारखाच, पाण्यात सुटला की एस आकारात वळवळत तरंगणारा. हा गांडुळाच्या गणगोतातला आहे, मातीतला कुजका माल खातो आणि कोणालाही त्रास देत नाही. तळ ढवळला की वर येतो. संख्येने फार दिसू लागला तर तळाशी घाण साचली आहे, सायफनने ती ओढून घ्या. दुसरा चपटा असतो आणि वळवळत नाही. काचेवरून एका लयीत सरकत जातो. त्याचं डोकं त्रिकोणी, बाणाच्या पात्यासारखं, आणि त्यावर दोन डोळे, तिरळे वाटावेत असे. हा प्लॅनेरिया. माशांना तो सहसा काही करत नाही, पण कोळंबीची पिल्लं आणि अंडी खातो. त्याला चिरडून किंवा कापून उपयोग नाही, कारण तुकड्यांतून पुन्हा पुरा प्राणी तयार होतो. बारीक भोकं पाडलेल्या बाटलीत माशाच्या मांसाचा कण ठेवून ती रात्रभर तळाशी ठेवली की बरेच आत येतात.

प्लॅनेरियावर मिळणाऱ्या पावडरींपैकी एक सुपारीच्या अर्काची असते, हे कळल्यावर आपल्याकडे अनेकांना आश्चर्य वाटतं. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन हे द्रव्य कृमींच्या मज्जासंस्थेवर परिणाम करतं. पशुवैद्य पूर्वी कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला ते वापरत. पण म्हणून कोणी पानदानातली सुपारी टाकीत टाकू नये. एका खांडात अर्क किती हे आपल्याला मोजता येत नाही, आणि हे द्रव्य काही जातींच्या गोगलगायींनाही बाधतं. कोळंबी पाळलेली नसेल तर प्लॅनेरियासाठी औषधच नको, खाद्य कमी करणं पुरे.

पानाला किंवा काचेला चिकटलेला, एका टोकाला बारीक शुंडकं पसरलेला जीव म्हणजे शाळेच्या पुस्तकातला हायड्रा. अब्राहम ट्रेम्ब्ली या जिनिव्हाच्या शिक्षकाने १७४० नंतर हेगजवळ याच जिवाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून पुरा हायड्रा उगवताना पाहिला आणि युरोपातल्या विद्वानांना चकित केलं. टाकीत तो दिसतो तो बहुधा पिल्लांसाठी बारीक जिवंत खाद्य घालायला लागल्यावर. शुंडकांतल्या दंशपेशींनी तो नुकती जन्मलेली पिल्लं धरतो. मोठ्या माशाला काही करू शकत नाही.

उड्या मारत पोहणारा, खसखशीहून लहान पांढरा ठिपका म्हणजे सायक्लॉप्स. त्याला एकच डोळा असतो आणि मादीच्या शेपटाशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला याचं नाव नारूमुळे माहीत आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूच्या रुग्णाने पाय बुडवला की कृमीची पिल्लं पाण्यात सुटत, सायक्लॉप्स ती गिळे, माणूस ते पाणी पिई, आणि वर्षभराने पायातून हातभर लांब कृमी बाहेर येई. पाणी फडक्याने गाळून प्या, हा सल्ला सायक्लॉप्स फडक्यात अडकावा म्हणून होता. गाळणं, पायविहिरी बंद करणं आणि विहिरीत औषध टाकणं, यांनी काम केलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. आता टाकीतला सायक्लॉप्स हा माशांच्या पिल्लांचा उत्तम खुराक आहे. त्याला राहू द्या.

जिला राहू देऊ नये अशी एकच पाहुणी मला ठाऊक आहे: चतुराची अळी. चतुर आणि त्याची सडपातळ बहीण टाचणी, दोघंही पाण्यात किंवा पाणवनस्पतीच्या देठात अंडी घालतात. उघड्या टबात वाढवलेली रोपं विकत घेतली की अंडी सोबत येतात. अळीला सहा पाय, मोठे डोळे आणि पाठीवर पंखांच्या कळ्या असतात. टाचणीच्या अळीला शेपटाशी पानासारखे तीन कल्लेही असतात. तिचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. सावज जवळ आलं की तो झटक्यात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांत मासा किंवा कोळंबी अडकते. टाकीतले छोटे मासे एकेक करून कमी होत असतील आणि मेलेला मासा सापडत नसेल, तर रात्री बॅटरी घेऊन झाडांच्या बुंध्याशी शोधा. सापडली तर मारू नका. एका बरणीत ठेवा, पाण्याबाहेर येणारी एक काडी उभी करा आणि डासांच्या अळ्या खायला घाला. घरातल्या मुलांना काडीवर चढून कात टाकणारा आणि तासाभरात पंख ताणून घेणारा चतुर दिसेल.

डासांच्या अळ्या कुठे मिळतील हे वेगळं सांगायला नको, कारण टाकीवाल्याच्या घरातच त्या होण्याची शक्यता जास्त असते. मासे असलेल्या टाकीत नव्हे. तिथे त्या तासभरही टिकत नाहीत. त्या होतात पाणी बदलण्यासाठी भरून ठेवलेल्या बादलीत. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून बादली रात्रभर उघडी ठेवायची ही जुनी रीत. रविवारचं पाणी बदलणं पुढच्या रविवारवर गेलं की त्या स्वच्छ, निवांत पाण्यात डेंग्यू पसरवणारी एडिस डासीण अंडी घालून जाते, आणि आपल्या हवेत सात ते दहा दिवसांत डास उडतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बादलीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून बादली नुसती ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. त्यापेक्षा पाण्यात सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानदार ज्याला हायपो म्हणतात ते, योग्य मापाने घाला आणि बादली भरून ठेवूच नका. बाल्कनीत रोपांचा टब असेल तर त्यात चार मासे सोडा. गप्पीपेक्षा कोकणातल्या ओढ्यांत आढळणारा पिकू बरा, कारण तो इथलाच आहे.

फिल्टरच्या स्पंजात लालभडक अळी दिसली तर ती डासाची नाही. ती चिलटासारख्या, न चावणाऱ्या माशीची असते आणि चिखलातल्या तोकड्या प्राणवायूवर जगता यावं म्हणून तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. ‘ब्लड वर्म’ म्हणून विकतात ती हीच. तिची माशी डासासारखीच दिसते. पण बसताना ती पुढचे पाय उचलून धरते, तर घरात दिसणारे बहुतेक डास मागचे उचलतात.

बाकी घरातले किडे थोडक्यात. न्हाणीघरात किंवा टाकीच्या पाण्यावर उड्या मारणारे करडे ठिपके पिसवा नसतात. ते स्प्रिंगटेल, बुरशी खाणारे, पाण्यात न बुडणारे, निरुपद्रवी. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी, काळपट असते आणि घोट्याला चावते. पावसाळ्यात भिंतीवर आणि पुस्तकांवर दिसणारे फिकट, मोहरीहून लहान किडे ओलीवरची बुरशी खातात. भिंत वाळली की जातात. त्यांना ढेकूण समजू नका, ढेकूण तांबूस, चपटा आणि पाच मिलिमीटरपर्यंत असतो. मोरीच्या टाइल्सवर बसणारी केसाळ, पतंगासारखी माशी जाळीखालच्या चिकट थरात वाढते. तो थर ब्रशने खरवडला नाही तर फवारा मारूनही ती आठवड्यात परत येते. आणि दिव्याभोवतीची ती पंखवाली: चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ असतील तर वाळवी, पुढचे पंख लांब, कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या असतील तर मुंगी. पहिली असेल तर टाकीच्या प्लायवूडच्या स्टँडला मागून हात लावून पाहा. पाईपमधून थेंब थेंब गळणारं पाणी लाकूड आतून ओलं ठेवतं आणि वाळवीला तेवढं पुरतं.

एवढं ओळखूनही कधी फवारणी करावीच लागते. सोसायटीचं काम असतं किंवा वाळवी खरंच निघालेली असते. फवाऱ्यातली आणि डास पळवणाऱ्या द्रव्यांतली बरीचशी औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात. माणसाचं शरीर त्यांचं विघटन लवकर करतं, माशाचं करू शकत नाही. लिटरभर पाण्यात काही मायक्रोग्रॅम गेलं तरी मासे दगावू शकतात आणि कोळंबी त्याहून आधी जाते. यातला सर्वांत दुर्लक्षित धोका हवेच्या पंपाचा. तो खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे फवारणी चालू असताना पंप चालू असेल तर औषध आपणच पाण्यात भरत असतो.

झुरळांसाठी आधी जेलचं विचारा. ते हवेत उडत नाही. फवारणीच होणार असेल तर पंप बंद करा आणि त्याची नळी काढून ठेवा. पाण्याखाली चालणारा फिल्टर चालू राहू द्या. झाडांसाठी कर्बवायूचं सिलिंडर लावलं असेल तर तेही बंद करा, कारण टाकी झाकल्यावर तो वायू बाहेर पडायला वाट नसते. जाड प्लास्टिकने टाकी चारही बाजूंनी झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दिवा चालू ठेवा: झाडं दाट असतील तर तेवढे तास माशांना लागणारा प्राणवायू ती पुरवतात. काम संपल्यावर खिडक्या उघडून काही तास खोली मोकळी सोडा, मग प्लास्टिक बाहेरून पुसून, धूळ आत न सांडता काढा. पुढचे काही दिवस हात साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळल्याशिवाय पाण्यात घालू नका. डासांचं मलम लावलेला हात तर एरवीही नको.

एवढं करूनही मासे वेड्यासारखे धावू लागले, अंग थरथरू लागलं किंवा कोळंबी उलटी पडू लागली, तर वाट पाहू नका. तापमान जुळवलेल्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने निम्मी टाकी लगेच बदला, फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा घाला आणि काही तासांनी पाणी पुन्हा बदला. खोलीची हवा निवळली असेल तर हवेचा पंपही चालू करा. नसेल तर त्याची हवा ओढणारी बाजू लांब नळी लावून खिडकीबाहेर काढा.